उतारावरचा संसार

कॅम्परव्हॅनच्या जाहिरातीत एक दृश्य ठरलेलं असतं. निळा समुद्र, त्याच्या काठाशी पांढरी गाडी, मागची दोन्ही दारं सताड उघडी आणि आत रजईत पाय लांब करून कॉफी पिणारं जोडपं. हा फोटो निघण्याआधी त्या दोघांपैकी एक जण तासभर चाकाखाली पालथा पडला होता आणि दुसरा ‘डावीकडे, डावीकडे, अरे तुझ्या डावीकडे’ असं ओरडत होता, हे जाहिरात सांगत नाही.

भानगड फ्रिजची असते. पुष्कळ कॅम्परव्हॅनमध्ये घरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज नसतो, गॅसवर चालणारा असतो. बर्नरच्या उष्णतेने त्यातलं अमोनियाचं पाणी उकळतं आणि पुढे केवळ गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर नळ्यांतून ओघळत फिरतं. गाडी कलती उभी राहिली की ओघळ अडतो आणि आतलं दूध सकाळपर्यंत दही होतं. त्यामुळे स्वातंत्र्याच्या शोधात घराबाहेर पडलेल्या माणसाची प्रत्येक संध्याकाळ एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते: इथे जमीन सपाट आहे का? आणि तुर्कस्तानचा एजियन किनारा म्हणजे देवाने सपाट जागेच्या बाबतीत कमालीची काटकसर करून घडवलेला मुलूख.

या किनाऱ्यावर इझमीरहून भाड्याची व्हॅन घेऊन निघालेल्या एका मराठी कुटुंबाचा हा वृत्तांत. मुलगी-जावई जर्मनीत नोकरीला. सोबत मुलीचे आईवडील: आई माहेरच्या मालवणच्या, बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. बेत असा की आधी थोडं उत्तरेला बेर्गामा गाठायचं आणि मग समुद्र धरून, वाटेतली ग्रीक-रोमन अवशेषांची शहरं बघत, खाली अंताल्यापर्यंत उतरायचं. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर मुलगी-जावई, मागच्या पलंगावर आई-बाबा, मधे पडदा. पडद्याने दिसणं थांबतं. घोरणं थांबत नाही.

बाबा सामानात स्वतःची स्पिरिट लेव्हल घेऊन आले होते. विमानतळावर तिच्यावरून पाच मिनिटं चौकशी झाली, पण ती सुटली. गाडी थांबली की बाबा ती ओट्यावर ठेवायचे आणि चष्मा कपाळावर चढवून बुडबुड्याकडे बघायचे.

“जावईबापू, इंचभर अजून उजवीकडे कलतेय.”

“बाबा, दोन-तीन अंश चालतात. पुस्तिकेत लिहिलंय.”

“पुस्तिका लिहिणाऱ्याचं बिल निघालेलं असतं. तुम्ही घ्या पुढे.”

मग प्लास्टिकच्या पिवळ्या पाचरी बाहेर यायच्या. चाक पाचरीवर चढायचं, पलीकडे धप्पकन उतरायचं, पुन्हा मागे यायचं. तुर्कस्तानात गाडी लावायचा प्रयत्न एकट्याने करता येत नाही. कुठून तरी एक गृहस्थ उगवतो, ‘गेल, गेल, गेल’ म्हणजे ‘ये, ये, ये’ म्हणत हात हलवायला लागतो, त्याच्या सूचनांवर दुसऱ्याचा आक्षेप असतो, आणि तिसरा चहाचा पेला हातात धरून दोघांचं चुकतंय असं मत देतो. बाबांना या लोकांविषयी पहिल्या दिवसापासून जिव्हाळा वाटला. सगळे आपल्याच खात्यातले वाटतात, असं ते म्हणाले.

दुसरा पेच कॅसेटचा. व्हॅनचा संडास उभ्या कपाटाएवढा असतो. बसणाऱ्याचे गुडघे दाराला टेकतात. त्याच्याखाली अठरा-वीस लिटरची एक पेटी असते. ती बाहेरच्या झडपेतून ओढून काढायची, चाकांवरून घरंगळत ठरलेल्या जागी न्यायची, रिकामी करायची, धुवायची आणि आत निळं रसायन ओतून परत सारायची. चार माणसांच्या कुटुंबात ही पेटी फार लवकर भरते. पण ती कोणी न्यायची, याचं उत्तर कुठल्याच पुस्तिकेत नाही.

जावयांनी पेटीला हात घातला, तसा आईंनी बाबांना कोपर मारला. “अहो, बघताय काय? जावयाच्या हातात हे? अधिकात चांदीचं निरांजन दिलंय आपण त्यांना.”

“द्या इकडे,” बाबा म्हणाले.

“नाही बाबा, तुम्ही कशाला?”

“अहो द्या हो. मी साइटवर याहून वाईट पाहिलंय.”

“छे छे, तुम्ही पाहुणे.”

“पाहुणे कसले? तुम्ही जावई.”

पेटी एका बाजूने सासऱ्याच्या आणि दुसऱ्या बाजूने जावयाच्या हातात, आणि तिचं झाकण किती घट्ट बसलंय याची दोघांनाही खात्री नाही. शेवटी मुलीने मधे पडून ती हिसकावली, नेली, रिकामी केली, धुतली आणि परत आणली. तोवर ते दोघे रिकाम्या हातांनी ‘मी, मी’ करतच उभे होते.

ही हौस ज्याने सुरू केली त्याला असले प्रश्न पडले नव्हते. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा स्कॉटिश डॉक्टर ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेला. त्याने १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून निव्वळ मौजेसाठी एक चाकांवरचं घर बांधून घेतलं, त्याचं नाव ‘वाँडरर’ ठेवलं आणि ते दोन घोड्यांना जुंपून तो इंग्लंड-स्कॉटलंडभर हिंडला. पुढच्या वर्षी त्यावर पुस्तकही लिहिलं. मोकळ्या रस्त्याच्या या आद्य भक्ताबरोबर एक गाडीवान होता आणि एक खासगी नोकरही होता. हा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन, मागून केवढं धूड येतंय याची रस्त्यावरच्या लोकांना वर्दी द्यायचा. पुढे १९५०च्या दशकात फोक्सवॅगनच्या गाडीत वेस्टफालिया कंपनीने पलंग-कपाटं बसवून दिली आणि ही हौस मध्यमवर्गापर्यंत उतरली. हौस खाली आली, नोकर वरच राहिले.

बेर्गामा म्हणजे जुनं पर्गमॉन. गावावरच्या उंच टेकडीवर राजवाडे, मंदिरं आणि उतारावर जवळजवळ लटकलेलं दहा हजार प्रेक्षकांचं नाट्यगृह. ते इतकं खडं आहे की वरच्या रांगेत बसून पुढच्याची टोपी दिसत नाही, थेट दरी दिसते. टेकडीवर झ्यूसची जगप्रसिद्ध वेदी होती. होती, कारण आता तिथे पायऱ्यांचा चौथरा आहे आणि त्यावर झाडं आहेत. वेदीची शिल्पं बर्लिनला आहेत.

“नेली कोणी?” बाबांनी विचारलं.

“कार्ल हुमान म्हणून एक जर्मन होता. १८७८ पासून त्याने खोदकाम केलं. इथले लोक संगमरवर भट्टीत घालून चुना करतायत हे त्याने पाहिलं आणि...”

“पुरातत्त्ववाला?”

“नाही, इंजिनियर. इकडे रस्त्याच्या कामावर होता.”

बाबा चौथऱ्यावर बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अख्ख्या नोकरीत रस्ते खोदले. सापडली ती फक्त टेलिफोनची केबल. तीही तुटल्यावर.”

मुलगी-जावई एकदा मुद्दाम बर्लिनला ही वेदी बघायला गेले होते. पण त्या दालनाची दुरुस्ती कित्येक वर्षं चालू आहे आणि ऑक्टोबर २०२३ पासून तर ते सबंध संग्रहालयच बंद झालं. म्हणजे जर्मनीत राहून वेदी दिसली नव्हती, आणि आता तिच्या मूळ जागी येऊनही ती दिसत नव्हती. आईंनी मात्र चौथऱ्याला नमस्कार केला. देव गेला तरी जागा असते, असं त्यांचं म्हणणं.

पर्गमॉनचं पाणी हा बाबांच्या दृष्टीने त्या टेकडीवरचा खरा चमत्कार. मद्रा डोंगरातून चाळीसहून जास्त किलोमीटर लांबीची नळयोजना, शेवटच्या टप्प्यात नळ दरीत उतरतात आणि नुसत्या दाबाच्या जोरावर पुन्हा टेकडी चढतात. काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाचा. नळ धातूचे, बहुधा शिशाचे. बाबांनी मनातल्या मनात दाब काढला, दोनदा काढला, आणि कोणाशी न बोलता व्हॅनमध्ये परतले. तिथे जावई अंगाला साबण लावून उभे होते आणि बारा व्होल्टच्या पंपाने नुकताच जीव सोडला होता.

“बाबा, पाणी गेलं!”

“जाणारच,” बाबा दाराबाहेरून म्हणाले. “बावीसशे वर्षांत पडला हा फरक.”

सेल्चुकजवळचं एफेसस हे या प्रवासातलं सर्वांत गर्दीचं ठिकाण. सेल्ससचं ग्रंथालय, पंचवीस हजारांचं नाट्यगृह, संगमरवरी रस्ता आणि त्या रस्त्यावर, इतिहासाशी काही देणंघेणं नसलेल्या, प्रत्येक पडक्या खांबावर एक या प्रमाणात बसलेल्या मांजरी. पर्यटक खांबाचा फोटो काढायला येतो आणि मांजरीचा काढून जातो.

पण सबंध कुटुंब सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलं ते सार्वजनिक शौचालयापाशी. भिंतीलगत संगमरवरी बाक, त्यात ओळीने भोकं, मधे आडोसा नाही, खालून वाहत्या पाण्याचं गटार आणि पायांपुढून स्वच्छ पाण्याची पन्हळ. श्रीमंत लोक थंडीत दगड उबवायला आधी गुलामाला बसवत, असं गाइड सांगतात. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो त्यावरून गोष्ट किती खरी ते ठरवावं. व्हॅनमधल्या कपाटात गुडघे चेपून घेतलेली ती चार माणसं त्या ऐसपैस बाकाकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर त्यांनी ग्रंथालयाकडे टाकली नव्हती.

“स्लोप बघा, स्लोप,” बाबा म्हणाले. “आणि कॅसेट नाही.”

एफेससची आणखी एक गोष्ट बाबांना भावली. हे एकेकाळी मोठं बंदर. आज समुद्र तिथून काही किलोमीटर दूर गेलाय, कारण नदीने गाळ आणून आणून बंदर बुजवलं. स्ट्रेबो हा जुना भूगोलकार लिहितो की पर्गमॉनच्या अ‍ॅटलस राजाला आणि त्याच्या स्थापत्यकारांना एक कल्पना सुचली: बंदराच्या तोंडाशी बांध घालून ते अरुंद केलं, तर आत पाणी खोल राहील आणि मोठी जहाजं येतील. बांध झाला. झालं उलटंच. पूर्वी भरती-ओहोटी थोडा तरी गाळ बाहेर नेत होती, तीही आता नेईना, आणि बंदर आणखी उथळ झालं.

“कन्सल्टंट नेमला असणार,” बाबा समाधानाने म्हणाले. पुढे दिवसभर त्यांचा मूड उत्तम होता.

जवळच आर्टेमिसचं मंदिर, जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. आज तिथे तुकडे जोडून उभा केलेला एकच खांब आहे आणि त्याच्या टोकावर करकोच्यांचं घरटं. ख्रिस्तपूर्व ३५६ मध्ये हेरोस्ट्रॅटस नावाच्या इसमाने केवळ आपलं नाव अजरामर व्हावं म्हणून हे मंदिर जाळलं. एफेससकरांनी शिक्षा म्हणून त्याचं नाव उच्चारायलाच बंदी घातली. बंदी इतकी यशस्वी झाली की मंदिराच्या वास्तुविशारदाचं नाव कोणाला आठवत नाही आणि जाळणाऱ्याचं सगळ्यांना पाठ आहे. रायगडापासून एफेससपर्यंत दगडावर बदाम कोरून त्यात आद्याक्षरं लिहिणाऱ्यांचा हा मूळ पुरुष. त्याच्या वंशजांकडे तेवढं धैर्य नाही, म्हणून किल्ले अजून उभे आहेत.

तिथून दक्षिणेला दिदिमा. इथलं अपोलोचं देऊळ बघून बाबांचा गळा दाटून आला. ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमाराला काम सुरू झालं. शतकं लोटली, सत्ता बदलल्या, रोमन आले, काम चालूच. देऊळ पुरं कधी झालंच नाही. काही खांबांवर पन्हळी कोरायच्या राहून गेल्या आहेत. दगड उचलताना धरायला ठेवलेले उंचवटे तासून काढायचे होते, तेही बरेच तसेच आहेत. १९७९ साली लोथार हासेलबर्गर नावाच्या संशोधकाला तिथल्या भिंतींवर बारीक रेषा दिसल्या. ती गवंड्यांसाठी कोरलेली कामाची रेखाचित्रं निघाली, खांबांच्या मापांसकट. भिंतींना शेवटची घोटाई करताना ती पुसली जायची होती. घोटाई झाली नाही, म्हणून चित्रं वाचली.

बाबांनी भिंतीवर उन्हाची तिरीप पडेपर्यंत वाट पाहिली आणि एक रेष त्यांना दिसली, किंवा दिसली असं ते म्हणाले.

“फायनल फिनिशिंग बाकी,” ते हळूच म्हणाले. “म्हणजे डिपॉझिट अडकलं असणार.”

आईंना दिदिमात फारसं काही दिसलं नाही. त्यांचा दिवस उगवला तो इयासोसला. छोटं मच्छीमार गाव, धक्क्याला लागून जुन्या शहराचे अवशेष. या शहराची एक गोष्ट स्ट्रेबोनेच सांगितली आहे. एक वादक इथे कार्यक्रम करत होता. मैफल रंगात आली आणि बाजारात मासळी आल्याची घंटा वाजली. क्षणात सगळे उठून गेले. एक म्हातारा तेवढा जागेवर. वादक भारावून त्याच्यापाशी गेला आणि आभार मानू लागला: बाकीचे घंटा ऐकून पळाले, पण आपण संगीताचा मान राखलात. म्हातारा कानाने अधू होता. काय म्हणता, घंटा झाली? असं विचारून तोही उठला आणि निघून गेला.

मुलीला हसू आवरेना. आई गंभीरपणे म्हणाल्या, “मग बरोबरच आहे. नंतर गेलं तर चांगली मासळी राहते का? त्याने कार्यक्रमच चुकीच्या वेळी ठेवला.”

आणि त्या धक्क्याकडे निघाल्या. तिथे एका म्हाताऱ्या कोळ्याकडे त्यांनी ‘चिपुरा’ नावाच्या माशाचे कल्ले उघडून बघितले. “ताजो आसा मां?” त्यांनी विचारलं. तो तुर्कीत काहीतरी म्हणाला. आई मालवणीत म्हणाल्या की एवढा भाव तर आम्ही सुरमईलाही देत नाही. तो पुन्हा तुर्कीत म्हणाला. पाच मिनिटांत सौदा झाला, दोन्ही बाजू खूश. मग त्याने विचारलं, “हिंदिस्तान?” आणि हो म्हटल्यावर छातीवर हात ठेवून “राज कपूर!” असं म्हणत ‘आवारा’ची चाल गुणगुणली. पन्नासच्या दशकात तो सिनेमा तुर्कस्तानात तुफान चालला होता. त्या पिढीतल्या लोकांच्या मनातून तो उतरलेला नाही. बाबाही गाऊ लागले. एक मासा फुकट मिळाला.

भाड्याच्या करारात व्हॅनमध्ये धूम्रपान करू नये असं ठळक लिहिलं होतं. मालवणी मसाला लावलेला मासा तळू नये असं कुठेच नव्हतं. आईंनी तवा ठेवला, तिरफळं ठेचली, आणि तिसऱ्या तुकडीला छतावरचा धुराचा भोंगा असा काही कोकलू लागला की आजूबाजूच्या तीन गाड्यांतले जर्मन आपापल्या अग्निशामक नळकांड्यांसह धावत आले. त्यांना एकेक तुकडी द्यावी लागली. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून ती खाल्ली. उशा, पडदे, रजया आणि माळ्यावरचे कपडे यांना तो वास जो लागला तो पुढच्या कुठल्याही समुद्राच्या वाऱ्याने गेला नाही.

दात्चा द्वीपकल्पाच्या टोकाला क्निदोस आहे आणि तिथे जाणारा रस्ता व्हॅन चालवणाऱ्याचा अहंकार उतरवण्यासाठी केला आहे. एका वळणावर समोरून पाण्याचा टँकर आला. कोणी मागे घ्यायचं यावर दोन्ही चालकांत नजरेनेच वाटाघाटी झाल्या आणि नेहमीप्रमाणे मराठी माणूस हरला. मागे घेताना वरचं कपाट उघडलं, कारण त्याची कळ लावायची राहिली होती, आणि एकादशीसाठी आणलेल्या साबुदाण्याची पिशवी फुटली. त्यानंतर चढाला साबुदाणा मागे जायचा, उताराला पुढे यायचा, वळणावर बाजूला व्हायचा. कितीही झाडला तरी कुठून तरी निघायचाच. एक फायदा झाला. गाडी उभी केल्यावर दाणे कुठल्या कोपऱ्यात जमतात ते बघितलं की स्पिरिट लेव्हल काढावी लागेना.

क्निदोसची कीर्ती एका मूर्तीमुळे. प्रॅक्सिटेलीस या शिल्पकाराने अ‍ॅफ्रोडाइटीच्या दोन मूर्ती घडवल्या होत्या, एक वस्त्रातली, एक विवस्त्र. कोस बेटाच्या लोकांना पहिली पसंती होती. त्यांनी सभ्यपणे वस्त्रातली उचलली. उरलेली क्निदोसकरांनी घेतली. मग काय व्हायचं ते झालं: तिला बघायला दुरून दुरून जहाजं भरून लोक येऊ लागले आणि कोसच्या मूर्तीचं नाव कोणी काढेना. प्लिनी हा रोमन लेखक पुढचं सांगतो. निकोमिडीस राजाने क्निदोस शहराचं सगळं कर्ज फेडायची तयारी दाखवली, बदल्यात फक्त ती मूर्ती मागितली. कर्ज प्रचंड होतं. शहराने नकार दिला.

बाबांना हे पचेना. “कर्जमाफी नाकारली? अख्ख्या गावाने?”

“हो.”

“निवडणूक नसेल जवळ.”

मूर्ती आता नाही. दोन बंदरं आहेत, नाट्यगृह आहे आणि वारा आहे. त्या वाऱ्याने व्हॅनचा चांदवा उलटा होऊन छतावर गेला आणि तो खाली आणण्यासाठी पुन्हा पाच अनोळखी माणसं ‘गेल, गेल’ करत जमली.

दालयानजवळचं काउनोस हे प्राचीन काळी हिवतापासाठी बदनाम होतं. स्ट्रॅटोनिकस नावाचा एक टवाळखोर वादक तिथल्या लोकांच्या हिरवट चेहऱ्यांवर बोलला. लोक चिडले. तेव्हा तो म्हणाला, जिथे मेलेलीसुद्धा हिंडता-फिरताना दिसतात त्या शहराला रोगट म्हणायची माझी काय छाती! नदीकाठी मुक्काम केलेल्या कुटुंबाला सकाळी एकमेकांचे चेहरे बघून त्याचं म्हणणं पटलं. व्हॅनच्या जाळीला एक भोक होतं आणि दालयानच्या सगळ्या डासांना त्याचा पत्ता ठाऊक होता.

पटाराला लिशियन संघाचं सभागृह आहे, आता दुरुस्त करून उभं केलेलं. तेवीस शहरांचा हा संघ. मोठ्या शहरांना तीन मतं, मधल्यांना दोन, लहानांना एक. माँतेस्क्यो या फ्रेंच विचारवंताने या पद्धतीची तारीफ केली होती. व्हॅनमध्ये ती राबवायचा प्रयत्न झाला, कारण पुढे कुठे जायचं यावर एकमत होईना. बाबांनी वयाच्या आधारावर तीन मतं घेतली. जावयांनी भाडं भरल्याच्या आधारावर तीन मागितली, पण सासऱ्यांसमोर मोठ्याने मागितली नाहीत. आई म्हणाल्या, “स्वयंपाक कोण करतं?” आणि संघ विसर्जित झाला.

काशला पोहोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि गावात व्हॅन ठेवायला जागा नव्हती. अर्धा तास त्याच गल्ल्यांतून फिरून झाल्यावर, दुकानांच्या ऐन रांगेत, रस्त्याच्या तोंडाशी एक भलीमोठी दगडी शवपेटी उभी दिसली. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातली. झाकणावर सिंहांची मुंडकी.

“बघा,” बाबा म्हणाले, “चोवीसशे वर्षं नो-पार्किंगमध्ये उभी आहे. टोइंगवाल्याची हिंमत झाली नाही.”

लिशियातल्या अशा कितीतरी पेट्यांवर सक्त ताकीद कोरलेली असते. ही जागा अमक्याची, त्याच्या बायको-मुलांची. दुसऱ्या कोणी आपला मुडदा आत सारला, तर इतका इतका दंड शहराकडे किंवा देवाकडे भरावा लागेल. काही ठिकाणी तर चुगली करणाऱ्याला दंडातला वाटाही जाहीर केलेला आहे. म्हणजे घुसखोरी होत असणार, आणि चुगल्याही. व्हॅन शेवटी गावाबाहेर एका हॉटेलच्या मागच्या उतारावर लागली. साबुदाणा एका रांगेत संडासाच्या दाराशी जाऊन थांबला. बाबांनी बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, “राहू द्या. असू दे कलती.” सगळे रात्रभर हळूहळू पायथ्याकडे घसरत झोपले.

फासेलिस हा शेवटचा थांबा. पाइनची सावली, तीन लहान बंदरं, वाहनतळाजवळच रोमन पाणीपुरवठ्याच्या कमानी. दंतकथा अशी की रोड्सहून लाकिओस नावाचा पुढारी आपली माणसं घेऊन इथे वसाहत करायला आला. जागा किलाब्रास नावाच्या एका धनगराची. लाकिओसने त्याला विचारलं, जमिनीच्या बदल्यात सातूच्या भाकरी देऊ की खारवलेली मासळी? धनगराने मासळी घेतली. पुढे फासेलिसकर या किलाब्रासला देव मानून नैवेद्यही खारवलेल्या मासळीचाच दाखवत.

“शहाणा होता,” आई म्हणाल्या. “भाकऱ्या दोन दिवसांत संपल्या असत्या.”

“कागदपत्र काही?” बाबांनी विचारलं. “सातबारा, फेरफार?”

“तोंडी व्यवहार होता बाबा.”

“मग नंतर कटकटी झाल्या असतील.”

जावयांनी मोबाइलवर शोधून सांगितलं की डेमॉस्थेनिस या अथेन्सच्या वक्त्याच्या नावावर असलेल्या एका भाषणात फासेलिसच्या व्यापाऱ्यांविषयी तक्रार आहेच: अथेन्सच्या बंदरात येऊन कर्ज मागण्यात यांचा हातखंडा, आणि एकदा पैसे हातात पडले की घेतल्याचं आठवतच नाही.

“बघा,” बाबा म्हणाले. “पाया कच्चा असला की असं होतं.”

आई मात्र अजून मूळ व्यवहारातच होत्या. तिन्ही बंदरं त्यांनी एकदा नजरेखालून घातली. “पण मासळी कुठली दिली होती?”

“ते दिलेलं नाही, आई.”

“असं कसं? मुख्य गोष्टच लिहिली नाही? सुरमई असली तर ठीक आहे. बांगडा असला तरी एक वेळ समजू शकते. पण सुकटीवर त्याने ही एवढी जागा सोडली असेल, तर बायकोने त्या धनगराला त्या रात्री घरात घेतलं नसणार.”